ब्रीद आणि घोष : दुकानाच्या पाटीवरील एका वाक्याचा विचार

१

‘आमची कोठेही शाखा नाही’ हे वाक्य कोणी प्रथम लिहिले हे सांगता येत नाही. लोकगीताप्रमाणे ते निनावी आहे आणि लोकगीताप्रमाणेच ते गावोगावी पोहोचले आहे. मिठाईच्या दुकानावर, वड्याच्या गाडीवर, छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीवर ते सारख्याच सहजतेने वावरते. मराठी वाङ्मयीन चर्चेने त्याची दखल घेतली ती मुख्यतः विनोदाचा विषय म्हणून. ‘पुणेरी पाट्या’ या सदराखाली त्याची नोंद झाली आणि तेथेच ते राहिले. प्रस्तुत लेखात या वाक्याकडे, आणि त्याच्या जातीच्या इतर वाक्यांकडे, एका वेगळ्या अंगाने पाहावयाचे आहे. छोट्या व्यावसायिकाने चारपाच शब्दांत स्वतःविषयी काय म्हणावे, आणि जे म्हटले त्याला तो कितपत बांधलेला असतो, हा येथील प्रश्न आहे.

हा प्रश्न व्यापारशास्त्राचा किंवा फार तर कायद्याचा आहे, समीक्षेचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणू शकेल. परंतु अशी वाक्ये ज्या साधनांनी आपले काम साधतात ती साधने आपल्याच अभ्यासाची आहेत. संक्षेप, नादसाम्य, लक्षणा, ध्वनी यांवाचून पाटीवरचे वाक्य उभे राहत नाही. रोमन याकोबसन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सुविख्यात निबंधात काव्यात्म कार्य समजावून सांगताना आधार घेतला तो एका प्रचारघोषणेचा. ‘आय लाइक आइक’ या तीन अक्षरी घोषणेतील ध्वनींची गुंफण त्यांनी उलगडून दाखवली आणि काव्यात्म कार्य केवळ काव्यात नसते हे सिद्ध केले. मात्र त्यांचे विवेचन त्या बिंदूशी थांबते. घोषणा लक्षात का राहते हे ते सांगतात. लक्षात राहिलेल्या घोषणेचे ऐकणाऱ्यावर आणि बोलणाऱ्यावर कोणते ऋण राहते, हा त्यांचा विषय नव्हता. आपल्याकडे अरुण कोलटकर यांच्यासारखा कवी आयुष्याचा मोठा काळ जाहिरातक्षेत्रात काम करीत होता, ही गोष्ट आपण त्यांच्या चरित्रात नोंदवतो आणि मग कवितेकडे वळतो. दोन्हीकडे भाषेचेच व्यवहार चालतात. मात्र त्यांपैकी एकाचीच नैतिक चिकित्सा आपण करतो.

या संदर्भात मराठीतील काही शब्दांकडे लक्ष देणे उपयुक्त ठरेल. ‘जाहिरात’ हा शब्द ‘जाहीर’ या मूळच्या अरबी शब्दाशी जोडलेला आहे. जे प्रकट, उघड, सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे ते जाहीर. या प्रकट गोष्टीच्या नेटक्या, लक्षात राहणाऱ्या रूपासाठी आपण दोन शब्द वापरतो : ‘घोषवाक्य’ आणि ‘ब्रीदवाक्य’. व्यवहारात ते एकमेकांच्या जागी येत असले तरी त्यांचे कूळ एक नव्हे. घोष हा मोठ्याने करावयाचा असतो. इंग्रजीतील ‘स्लोगन’ हा शब्दही गेलिक भाषेतील युद्धघोषातून आलेला आहे. ‘ब्रीद’ मात्र ‘बिरुद’ या शब्दापासून आले आहे, आणि मराठीत ब्रीद ‘राखतात’, ब्रीदाला ‘जागतात’. घोष करून झाला की संपतो. ब्रीद मात्र उच्चारल्यानंतर पाळावयाचे असते. कोणत्या परिस्थितीत घोषाचे ब्रीद होते आणि कोणत्या परिस्थितीत ब्रीद नुसता घोष होऊन राहते, हे पाहण्यासाठी उदाहरणे रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागातील, म्हणजे कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील घेतली आहेत. येथे पोटापाण्याचा छोटा व्यवसाय आणि मुंबईच्या पैशावर चालणारा जमिनीचा व्यवसाय अक्षरशः एकाच रस्त्यावर समोरासमोर उभे आहेत, एवढेच या निवडीचे कारण.

२

वाक्याची लांबी कोण ठरवतो? साहित्यात ती लेखक ठरवतो असे आपण समजतो. पाटीवरच्या किंवा आरोळीतल्या वाक्याची लांबी मात्र गिऱ्हाइकाच्या थांबण्यावर ठरते. कर्जत हे स्थानक बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. १८६३ साली या घाटातून लोहमार्ग सुरू झाला. चढण सदतीसास एक इतकी तीव्र असल्याने पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जास्तीची इंजिने, रेल्वेच्या बोलीत ‘बँकर’, जोडावी लागत आणि आजही बऱ्याच गाड्यांना ती जोडावी लागतात. गाडी थांबते ती या कारणाने. प्रवाशांना भूक लागावी म्हणून कोणी येथे थांबा दिलेला नाही. परंतु त्या थांब्याने फलाटावरच्या वड्याला जन्म दिला, आणि ‘कर्जतचा दिवाडकरांचा वडा’ हे नाव मुंबई-पुणे प्रवासाच्या स्मृतीचा भाग होऊन बसले. इंजिन जोडले जाईपर्यंतच्या अवधीत खिडकीपाशी येऊन जे बोलता येईल तेवढेच बोलावयाचे. त्यात विशेषणाला जागा नाही. वस्तूचे नाव, फार तर करणाऱ्याचे नाव, आणि स्वराची एक ओळखीची लांबण. संक्षेप येथे शैली म्हणून आलेला नाही, तो वेळापत्रकाने लादलेला आहे.

या फलाटावर दोन प्रकारची गिऱ्हाइके असतात. कर्जतला मुंबईच्या उपनगरी गाड्या येत असल्याने येथून रोज कामावर जाणारायेणारा माणूस हा एक प्रकार. लांबच्या गाडीच्या खिडकीत बसलेला, पुन्हा कधी या वाटेने येईल न येईल असा प्रवासी हा दुसरा. पहिल्याला वडा शिळा मिळाला तर तो दुसऱ्या दिवशी येऊन जाब विचारू शकतो. दुसऱ्याच्या हाती काहीच नाही. कागदाची पुडी उघडेपर्यंत गाडी पळसदरीच्या पुढे गेलेली असते. तरीही आरोळी दोघांसाठी एकच आणि घाणाही एकच. परक्या प्रवाशाला विश्वास ठेवता येतो तो विक्रेत्याच्या वाक्यावर नव्हे. रोजचा माणूस त्याच गाडीवर खातो या वस्तुस्थितीवर तो विसंबतो. रोजच्या गिऱ्हाइकाची जीभ परक्या गिऱ्हाइकाला जामीन राहते. याचा अर्थ असा की विक्रीच्या वाक्याचा खरेपणा केवळ त्या वाक्यात शोधून सापडत नाही. ते वाक्य ज्याच्यापुढे पुन्हा पुन्हा उच्चारावे लागते असा कोणीतरी परत येणारा श्रोता असावा लागतो.

रस्त्याच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसते. जुना मुंबई-पुणे महामार्ग खोपोली गावातून जातो. घाट चढण्यापूर्वी थांबण्याची ही जागा, म्हणून येथे खाद्यपदार्थांची दुकाने रुजली आणि पाट्या वाचण्याइतका वेळ वाटसरूला मिळत राहिला. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्णपणे सुरू झाल्यानंतर वाहनांचा मोठा ओघ गावाबाहेरून वाहू लागला. या नव्या रस्त्यालगतचे फलक वाचणाऱ्याला थांबता येत नाही. त्यांवरचे वाक्यही आखूडच असते. परंतु फलाटावरच्या आखूड वाक्यामागे माणूस उभा होता, येथे फलकामागे डोंगर आहे. संक्षेपाचे हे दोन प्रकार दिसावयास सारखे आणि नैतिकदृष्ट्या पूर्णपणे भिन्न आहेत. सूत्रवाङ्मयाची उपमा घ्यावयाची तर सूत्र आखूड असू शकते, कारण त्याला भाष्य असते. शंका आली तर विचारावयाला जागा असते. दुकानाच्या पाटीचे भाष्य म्हणजे दुकानातला माल आणि गल्ल्यावर बसलेला माणूस. भाष्य विचारण्याची सोयच जेथे नाही, तेथे आखूड वाक्याला सूत्र म्हणता येणार नाही. फार तर तो तुटका उद्गार होय.

३

विक्रीचे वाक्य खरे की खोटे, असा सरळ प्रश्न विचारला तर आपण लगेच अडचणीत येतो. चहाच्या दुकानावर ‘अमृततुल्य’ असे लिहिलेले असते. चहा अमृताच्या तुलनेचा नाही हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते आणि पिणाऱ्यालाही. म्हणून हे खोटे बोलणे म्हणावयाचे काय? येथे पूर्वमीमांसेतील अर्थवादाचा विचार साह्याला येतो. वेदातील जी वाक्ये स्वतः कोणतीही आज्ञा देत नाहीत, केवळ स्तुती किंवा निंदा करतात, त्यांचे प्रामाण्य कसे सिद्ध करावयाचे, हा मीमांसकांपुढचा प्रश्न होता. वायू ही सर्वांत शीघ्र देवता आहे, असे एक वाक्य आहे. त्याने काय करावे हे कळत नाही. मीमांसकांचे उत्तर असे की हे वाक्य शेजारच्या विधीशी, म्हणजे वायूला अमुक द्रव्य अर्पण करावे या आज्ञेशी, एकवाक्यता पावते. स्तुती विधीकडे नेते आणि त्यातच तिची सार्थकता असते. विक्रीचे प्रत्येक वाक्य या अर्थाने अर्थवाद आहे. त्याचा विधी ‘घ्या’ हा होय, आणि तो बहुधा न लिहिताच कळतो.

मीमांसकांनी अर्थवादाचे तीन प्रकार मानले आहेत. जे वाक्य प्रत्यक्षादी अन्य प्रमाणांशी उघड विरोधात जाते, उदाहरणार्थ यज्ञस्तंभाला सूर्य म्हणणे, ते गौण अर्थाने घ्यावयाचे, तो ‘गुणवाद’. जे अन्य प्रमाणाने आधीच ठाऊक आहे, जसे अग्नी हा थंडीवरचा उपाय आहे, ते पुन्हा सांगणे हा ‘अनुवाद’. आणि जे अन्य प्रमाणाच्या विरोधातही नाही आणि अन्य प्रमाणाने ठाऊकही नाही, असे घडून गेलेल्या गोष्टीचे कथन म्हणजे ‘भूतार्थवाद’. मूळ संदर्भापासून ही विभागणी अलग करून पाटीला लावली तर बऱ्याच गोष्टी स्वच्छ होतात. ‘अमृततुल्य’ हा गुणवाद होय. त्याने कोणी फसत नाही, कारण वाच्यार्थ अशक्य आहे हे दोघांनाही मान्य आहे. ‘गरमागरम वडा’ हा अनुवाद. कढई समोर आहे आणि वाफ दिसते आहे. ‘स्थापना’ या शब्दापुढे लिहिलेले साल, ‘शुद्ध तुपातील’, ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे भूतार्थवाद. गिऱ्हाइकाला ते पडताळून पाहण्याचे साधन त्या क्षणी उपलब्ध नसते. तो बोलणाऱ्याच्या शब्दावर विसंबतो. फसवणुकीची खरी शक्यता या तिसऱ्या प्रकारात असते आणि म्हणून बोलणाऱ्याची जबाबदारीही तेथेच सर्वांत जड असते.

‘आमची कोठेही शाखा नाही’ या वाक्याचे वैशिष्ट्य आता नीट पाहता येईल. वाच्यार्थाने ते एका अभावाचे विधान आहे, आणि व्यापाराच्या रूढ हिशेबाने हा अभाव लाजिरवाणा आहे. ज्याच्या शाखा नाहीत तो वाढला नाही. परंतु व्यंग्यार्थ याच्या नेमका उलट दिशेने जातो. माल मी स्वतः पाहतो. माझ्या नावाने अन्यत्र कोणी विकत असेल तर तो मी नव्हे. तक्रार असेल तर यावयाची जागा हीच. आनंदवर्धनाच्या परिभाषेत याला वस्तुध्वनी म्हणता येईल. येथे ध्वनी वाच्यार्थाला खोटे पाडून उभा राहत नाही, वाच्यार्थाच्या खरेपणावरच तो उभा आहे. शाखा असतील तर ध्वनीही कोसळतो. शिवाय हे वाक्य श्रोत्याच्या हाती एक अधिकार देते. तो म्हणू शकतो, ‘तुम्ही येथेच असता असे म्हणालात, मी आलो आहे.’

हे वाक्य नेहमी खरे असते असे सुचवावयाचे नाही. रूढ झालेले वाक्य कोणीही रंगवून घेतो. शाखा असणारेही ते लिहितात, आणि शाखा काढण्याची ऐपतच नसणारेही लिहितात. परंतु त्याचा खोटेपणा पकडता येतो, हा येथील मुद्दा आहे.

स्तुतीच नसलेल्या नावाचे एक उदाहरण याच परिसरात आहे. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रात विकसित झालेल्या भाताच्या वाणांना ‘कर्जत’ या गावनावापुढे केवळ एक आकडा जोडलेली नावे आहेत. ‘कर्जत–३’ या नावात विशेषण नाही, नाद नाही, गुणवाद नाही. तरीही कोकणातील शेतकऱ्याच्या तोंडी ते राहिले. बियाणे घेणारा दर हंगामाला परत येतो. नावाचे भाष्य खाचरात उगवते. परत येणारा श्रोता असेल तर वाक्याला अलंकाराची गरज किती कमी लागते, याचे हे टोकाचे उदाहरण मानावयास हरकत नाही.

४

आता रस्त्याच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. गेल्या काही दशकांत कर्जत-खालापूर पट्ट्यात शेतघरे, बंगल्यांचे भूखंड आणि सुट्टीची घरे यांचा व्यवसाय वाढला. या व्यवसायाच्या जाहिरातींत ‘निसर्गाच्या कुशीत’ हे वाक्य इतक्या वेळा येते की त्याला या व्यवसायाचे रूढ मंगलाचरण म्हणता येईल. येथे बोलणारा नेहमी बाहेरचा धनिक असतो असे नव्हे. जमीन विकून झालेल्या कुटुंबातला मुलगाच पुष्कळदा मध्यस्थ होतो, मोटारसायकलवरून गिऱ्हाइकाला जागा दाखवतो. तोही छोटा व्यावसायिकच आहे. परंतु त्याच्या मालाचा स्वभाव वेगळा आहे. वडा रोज विकला जातो, जमीन एकदाच. परत येणारा श्रोता येथे नाही. रोजच्या गिऱ्हाइकाची जामिनकी येथे कोणाला मिळत नाही, आणि फलाटावर आरोळीला जो लगाम आपोआप बसत होता तो येथे सुटतो.

‘निसर्गाच्या कुशीत’ हे वाक्य अर्थवादाच्या कोणत्या प्रकारात मोडते? प्रथमदर्शनी तो गुणवाद आहे. निसर्गाला कूस नसते, तेव्हा हे लाक्षणिक बोलणे झाले. परंतु ऐकणारा ते ‘अमृततुल्य’प्रमाणे हसून सोडून देत नाही. पाणी आहे, झाडे आहेत, जागा सुरक्षित आहे, शेजारी आणखी इमारती उठणार नाहीत, अशी काही विधाने तो त्यातून घेतो आणि त्यांच्या भरवशावर आयुष्याची शिल्लक गुंतवतो. म्हणजे वाक्याचे काम चालते ते भूतार्थवादाचे. जाब विचारला असता मात्र बोलणारा गुणवादाच्या आडोशाला जातो. ‘अहो, ते तसे म्हणण्याची पद्धत आहे’ हे त्याचे उत्तर तयार असते. भूतार्थवादाने विश्वास मिळवावयाचा आणि गुणवादाने जबाबदारी टाळावयाची, हा दुहेरी व्यवहार प्रस्तुत लेखाच्या मते विक्रीच्या भाषेतील मूळ नैतिक दोष आहे. उघड खोटे बोलणारा निदान पकडला जाण्याचा धोका पत्करतो. येथे तोही पत्करलेला नसतो. ‘मुंबईपासून अवघ्या दीड तासावर’ हे वाक्यही असेच. मुंबईतील कोणत्या ठिकाणापासून आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी, याविषयी ते मौन पाळते. आकडा असूनही ते मोजता येत नाही.

‘कुशी’ या शब्दाचे आणखी एक परिमाण या भूमीत विसरता येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाच्या उतारावरची ठाकरांची ही वस्ती शब्दशः निसर्गाच्या कुशीत होती, आणि त्या कुशीनेच ती गिळली. या दुर्घटनेचा भूखंडांच्या जाहिरातींशी कार्यकारणसंबंध आहे असे येथे म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे आहे ते शब्दाविषयी. डोंगर, पाऊस आणि उतार यांच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांना जो शब्द धोक्यासह पत्करावा लागतो, तोच शब्द त्यातील धोका काढून टाकून विकला जातो. असत्य सांगून नव्हे, अर्थ निवडून हे साधते. आणि जो अर्थ गाळला जातो त्याच्याबरोबर ती माणसेही वाक्यातून गाळली जातात. त्या ‘निसर्गात’ ठाकर-कातकरी वस्ती कोठेही दिसत नाही.

कायद्याने या प्रश्नाकडे पाहिले आहे, आणि समीक्षेच्या विद्यार्थ्याला त्याची दृष्टी बोधप्रद वाटेल. इंग्लंडमधील ‘कार्बॉलिक स्मोक बॉल’ खटला विधीच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. आमचे साधन सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर शंभर पौंड देऊ, अशी एका कंपनीची जाहिरात होती. आमच्या प्रामाणिकपणाची खूण म्हणून हजार पौंड बँकेत ठेवले आहेत, असेही तीत म्हटले होते. श्रीमती कार्लिल यांना वापरानंतर आजार झाला. ही केवळ बढाई होती, असा बचाव कंपनीने केला. १८९२ च्या डिसेंबरात अपील न्यायालयाने तो फेटाळला. बँकेत पैसे ठेवल्याचे सांगणाऱ्याला नंतर ‘ते आम्ही गंभीरपणे म्हटले नव्हते’ असे म्हणता येणार नाही. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर भूतार्थवादाला मागाहून गुणवाद ठरवण्याची मुभा न्यायालयाने नाकारली. भारतातील ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याच्याही पुढे जातो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या त्यातील व्याख्येत उघड विधानाबरोबर सूचित विधानाचाही अंतर्भाव आहे, आणि महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणेही तीत येते. स्थावर संपदेविषयीच्या २०१६ च्या अधिनियमानेही जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाईचा हक्क दिला आहे. वाच्यार्थ तेवढाच माझा आणि व्यंग्यार्थ तुमचा, ही वाटणी कायद्यालासुद्धा मान्य नाही. मग ध्वनीचा विचार शतकानुशतके करीत आलेल्या साहित्यशास्त्राने ध्वनीच्या जबाबदारीचा प्रश्न आपला नाही असे का समजावे?

५

कायद्याची पोच मर्यादित असते. तो नुकसान झाल्यावर येतो, आणि टपरीपर्यंत तो क्वचितच येतो. बोलणाऱ्याने स्वतःला कोणता नियम लावावा, हा प्रश्न उरतोच. येथे मराठी परंपरेतील ‘ब्रीद’ या संकल्पनेकडे परत जावे लागते. भक्तिवाङ्मयात देवाला अनेक बिरुदे आहेत. पतितपावन हे त्यांतील सर्वांत बोलके. लक्षणीय गोष्ट ही की संतांनी हे बिरुद केवळ स्तुती म्हणून वापरले नाही. त्यांनी त्याचा उपयोग देवाला अडवण्यासाठी केला. नामदेवांच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध अभंगात हे नाव ऐकून दाराशी आलेला भक्त, ते नाव सार्थ नसेल तर माघारी फिरण्याची भाषा करतो. देवाच्या ब्रीदाने भक्ताला हक्क दिलेला आहे, आणि तो हक्क बजावण्यात त्याला अनादर वाटत नाही. बिरुद मिरवणाऱ्याने ते राखले पाहिजे. न राखल्यास ऐकणारा दारातूनच ते परत करू शकतो.

पाटीवरच्या वाक्याला लावावयाची कसोटी ही असावी असे वाटते. हे वाक्य खरे आहे काय, एवढे विचारून भागत नाही. गुणवाद खरा नसूनही निर्दोष असू शकतो हे आपण पाहिले. आकर्षक आहे काय, हा तर प्रश्नच वेगळा. ज्याला हे वाक्य ऐकवले त्याला ते परत आणून दाखवता येईल काय, असे विचारले पाहिजे. ज्या वाक्याच्या बळावर गिऱ्हाईक दारात उभे राहून ‘तुम्ही असे म्हणाला होता’ असे म्हणू शकते ते ब्रीद. ज्याच्या बळावर काहीच म्हणता येत नाही तो नुसता घोष, मग त्याचे शब्द कितीही गोड असोत.

६

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की हा नियम दुबळ्यालाच जाचेल. मोठ्या कंपन्या घोषांच्या जोरावर बाजार काबीज करतात. वाडीवरच्या एखाद्या घराने मात्र मोजूनमापून बोलावे, हा न्याय कोणता? आक्षेपात तथ्य आहे. परंतु छोट्या व्यावसायिकाचे बळ घोषात नाही, हेही तितकेच खरे. घोष मोठा करण्यासाठी लागणारा पैसा त्याच्याजवळ नसतो; त्याच्याजवळ असते ते जवळपण. तो सापडू शकतो. ‘आमची कोठेही शाखा नाही’ या वाक्याने नेमके हेच भांडवल वापरले आणि म्हणूनच ते टिकले. मोठ्यांच्या घोषाची नक्कल करणारा छोटा व्यावसायिक आपल्याजवळचे एकमेव भांडवल सोडून देतो.

दुसरा आक्षेप असा की जबाबदार वाक्य नीरस असते, लक्षात राहत नाही. याचे उत्तर उदाहरणानेच द्यावे लागेल. समजा, कडाव ते कशेळे रस्त्यावरच्या एखाद्या कुटुंबाने घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत आणि पाटी रंगवावयाची आहे. ‘निसर्गाच्या कुशीत, घरच्यासारखे’ हे सहज सुचेल. परंतु ते शेजारच्या दहा पाट्यांवर आहे, म्हणजे स्मरणीयतेच्या निकषावरही ते हरलेलेच आहे. त्याऐवजी ‘भाकरी चुलीवरची, भात आमच्या शेतातला’ असे लिहिले तर दोन्ही विधाने पाहुण्याला परसात जाऊन पाहता येतील. ‘पावसात या, वीज जाते, कंदील आहे’ हे त्याहून धीट. त्यात उणीव कबूल केलेली आहे आणि कबुलीतून निमंत्रण निघाले आहे. ‘शाखा नाही’ या वाक्याची रीतही हीच होती. लय, विरोध, संक्षेप यांपैकी काहीही येथे सोडावे लागलेले नाही. काव्यात्म कार्य आणि उत्तरदायित्व यांच्यात मूलतः वैर नाही. वैर आहे ते आळशी विशेषण आणि उत्तरदायित्व यांच्यात.

शेवटी आपल्या वर्गांविषयी बोलणे भाग आहे. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत उपयोजित मराठीने जागा मिळवली, त्याला आता बराच काळ लोटला. जाहिरातलेखन हा त्यातला एक घटक असतो. विद्यार्थ्याने लिहिलेल्या मजकुराला आपण गुण देतो ते संक्षिप्ततेसाठी, आकर्षकतेसाठी, शुद्धलेखनासाठी. कर्जत-खालापूरसारख्या भागातील मराठीचा पदवीधर पुढे भूखंडांच्या पत्रकांचा मजकूर लिहीलही. ते काम त्याला मिळते आणि त्याला त्याची गरज असते. त्याने ते करू नये असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु ‘निसर्गाच्या कुशीत’ असे लिहिताना आपण कोणता अर्थ गाळला, तो गाळल्याने कोणाचे काय जाईल, आणि हे वाक्य घेऊन कोणी दारात आले तर उत्तर कोण देईल, हे प्रश्न त्याला वर्गात ऐकू आलेले असावेत, एवढी अपेक्षा गैर नव्हे. ध्वनी ओळखण्याचे शिक्षण आपण देतोच. त्याच्या उत्तरदायित्वाचे शिक्षण देण्यासाठी नवा विषय नेमावा लागणार नाही. ध्वनिविचार शिकवताना फळ्यावर जी उदाहरणे लिहिली जातात त्यांत ‘आमची कोठेही शाखा नाही’ आणि ‘निसर्गाच्या कुशीत’ ही दोन वाक्ये शेजारीशेजारी लिहून दोन्हींचा व्यंग्यार्थ आणि दोन्हींचा जबाबदार कोण, हे विद्यार्थ्यांकडूनच काढून घेता येईल.